नोयेम सांगते, त्या शूटिंगविषयी

त्या उन्हाळ्यात आमच्या अख्ख्या गावाला
माकड व्हायचं काम मिळालं.
दिवसाला तीन रूबल, वर दुपारचं सूप.
आरागात्सच्या उतारावर, जिथे जूनमध्येही
बर्फ खाचांत लपून बसतो,
पोस्टमन, दाई, सामुदायिक शेतीचा हिशेबनीस
मेंढीची कातडी उलटी पांघरून उकिडवे बसले.
मी आठ वर्षांची. मला संवाद नव्हता.
मला फक्त दगडाला हात लावायचा होता
आणि माणूस व्हायचं होतं.

दगड वाराझ्दातमामाचा.
त्याच्या सात पिढ्यांनी क्रूसच कोरले,
ज्वालामुखीच्या गुलाबी दगडात,
सुईदोऱ्यानं विणल्यासारखे.
कचेरीतून लेखी आलं :
सदर दगड दूरच्या ताऱ्यावरून आलेला आहे.
तिथे चर्च नाही.
क्रूस नको. पंख नकोत. डोक्यामागे तेजोवलय नको.
अँटेना चालेल.

मामानं कागद वाचला, घडी करून टोपीत ठेवला.
मग द्राक्षं कोरली, डाळिंबं कोरली,
टोक सापडत नाही अशी एक गाठ
कडेकडेनं फिरवत नेली, तीन आठवडे,
आणि मधे टाकी लावलीच नाही.

तपासायला आलेल्या माणसानं चष्मा पुसला,
दगडाभोवती दोन फेऱ्या मारल्या.
क्रूस कुठेच नव्हता.
जिथे तो नव्हता ती जागा
बरोबर क्रूसाच्या आकाराची होती.
माणूस बराच वेळ उभा राहिला.
मग त्यानं सही केली.

म्हणतात, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.
इथे ते आलं
घाव बसलाच नाही तिथे.

पहिल्या टेकला मी रडले. दुसऱ्याला पळाले.
दिग्दर्शक भोंग्यातून ओरडला :
चाळीस लाख वर्षं खोळंबलीयत, पोरी, तुझ्यापायी!
वर क्रेनवर दिवा, निळा कागद लावलेला.
तो दिवा म्हणजे ते.
आपल्याहून शहाणे, चेहरा नसलेले,
चिखलातून आपल्याला बोट धरून उठवणारे.
दाई शोगेर केसाळ कातड्यातून पुटपुटली,
ही गोष्ट मला ठाऊक आहे.
आमच्या वेळी त्याला गाब्रिएल म्हणायचे.

तिसऱ्या टेकला मामा दगडामागे पालथा पडला,
कॅमेऱ्याला दिसणार नाही असा,
आणि हळूच म्हणाला,
नोयेम, ये. गरम आहे गं,
भट्टीतून आत्ता काढल्यासारखा.
खोटं होतं. दगड बर्फ होता.
पण तोवर माझा हात लागला होता
आणि सगळी माकडं एकेक करून उभी राहिली,
हिशेबनीस सर्वात शेवटी, गुडघे धरून.

सिनेमा कधी लागला नाही.
कुणी म्हणतं, फिती वितळवून चांदी काढली.
दगड मात्र ट्रकमध्ये बसेना, म्हणून राहिला.
आधी मेंढ्या त्याला पाठ घासायच्या.
मग ज्या बाईचं पोर चालत नव्हतं
तिनं शेजारच्या झुडपाला रुमालाची चिंधी बांधली.
मग मेणबत्त्या. मग रविवारी भाकरी.
मधली रिकामी जागा हातांनी काळी झाली,
आता लांबूनही दिसते.

मी वेधशाळेत फरशी पुसते, एकतीस वर्षं झाली.
तिथले लोक रात्रभर आकाशाला कान लावतात.
परवा एक तरुण मुलगा, सारखा जांभया देणारा,
विचारत होता, मावशी,
कुणी खरंच येऊन गेलं असेल का,
आपल्याला ढकलून, पुढे?
मी बादली उचलली.
मामाच्या टोपीतला कागद माझ्याकडे आहे.
मागच्या बाजूला पेन्सिलीनं मापं :
द्राक्षं एवढी, गाठ एवढी,
आणि मधल्या जागेपुढे
काहीतरी लिहून खोडलेलं.

गावातली पोरं दगडाला भितात.
मी त्यांना म्हणते, लाव हात, गरम आहे.
बहुतेकदा खोटंच असतं.
सप्टेंबरात मात्र, चारच्या सुमाराला,
ऊन पश्चिमेच्या बाजूनं येतं
आणि तो गरम असतो.